शीड, नांगर, भरती: इंग्रजी वाक्प्रचार उकलून घ्यायची रीत

इंग्रजी वाक्प्रचारांची यादी पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. ‘टु द बिटर एंड’ म्हणजे शेवटपर्यंत, ‘हाय अँड ड्राय’ म्हणजे निराधार, अशा शंभर ओळी घोकल्या तरी आठवड्याभरात विरून जातात. ज्या उरतात त्या वापरताना घसरतात, कारण शब्द ध्यानात राहिले तरी त्यामागचं चित्र कधी डोळ्यांसमोर आलेलंच नसतं.

इंग्रजीतल्या या चित्रांपैकी कितीतरी समुद्रावरची आहेत. देश बेटाचा, व्यापार आणि आरमार शिडाच्या जहाजांवर, त्यामुळे खलाशांची बोली बंदरातून बाजारात आणि तिथून घराघरांत शिरली. पुण्यातल्या वर्गात ही चित्रं फळ्यावर काढून दाखवावी लागतात. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण इथल्या मुलांना ती घराबाहेर पडलं की दिसतात. म्हणून किनाऱ्यावर इंग्रजी शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

रीत अशी. आधी वाक्प्रचारातली वस्तू कोणती ते शोधायचं: दोर, शीड, मासा, पाणी. मग त्या वस्तूचं नेमकं काय होतंय ते बघायचं. तोच प्रसंग माणसावर लावला की अर्थ आपोआप उलगडतो. त्यानंतर मराठीतली जोडी शोधायची आणि ती कुठे जुळत नाही तेही लिहून ठेवायचं. शेवटी आपल्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य करायचं. एका वाक्प्रचाराला पंधरा-वीस मिनिटं द्यावीत, आठवड्याला चार पुरेत. दिवसाला दहा घेतले की पुन्हा यादीच होते.

वाव, थांग आणि ठाव

सुरुवातीला ‘फॅदम’ घ्यावा, कारण इथे दोन भाषा अगदी शेजारी येऊन उभ्या राहतात. फॅदम हे खोली मोजायचं माप: ६ फूट, म्हणजे साधारण १.८३ मीटर. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पसरलेले दोन हात, कवेत घेणं. दोर दोन्ही हातांत ताणून धरला की एक फॅदम. आपल्याकडे यालाच वाव म्हणतात, आणि तीही दोन्ही हात पसरूनच मोजतात. ‘दहा वाव पाण्यात जाळं टाकलं’ असं ज्याच्या घरात बोललं जातं, त्याला फॅदम वेगळा शिकवावा लागत नाही.

क्रियापद म्हणून ‘फॅदम’ म्हणजे तळापर्यंत पोचणं, पूर्ण समजणं. मराठीत आपण म्हणतो थांग लागणं. थांग म्हणजे पाण्याचा तळ. तो लागत नाही ते अथांग. दोन्ही भाषांत हा प्रयोग बहुतेक वेळा नकारातच येतो: ‘आय कॅन्ट फॅदम व्हाय ही सोल्ड द बोट’, म्हणजे त्याने होडी का विकली याचा थांग लागत नाही. मात्र ‘थांगपत्ता लागला नाही’ याला फॅदम चालत नाही. तिथे माणूस किंवा वस्तू कुठे आहे हा प्रश्न असतो, तळाचा नसतो.

याच घरातला दुसरा शब्द ‘साउंड’. ‘साउंड हिम आउट’ यातल्या साउंडचा आवाजाशी संबंध नाही. खोली मोजण्यासाठी फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा निराळाच शब्द आहे. कुणाच्या मनात काय आहे ते उघड न विचारता चाचपणं, मनाचा ठाव घेणं, हा त्याचा अर्थ. आवाज समजून शिकलेली मुलं ‘साउंड आउट’चा अर्थ मोठ्याने सांगणं असा लावतात. ही चूक इतकी ठरलेली आहे की शिकवताना तीच आधी फळ्यावर लिहावी.

शाळेत हे करून दाखवायचं असेल तर १२ मीटर दोर आणि दोन किलोचा दगड एवढं पुरतं. दोराला दर १.८३ मीटरवर गाठ मारून रंगीत चिंधी बांधायची. गाठी मुलांच्या हातांनी मोजू नयेत. माणसाची वाव साधारण त्याच्या उंचीइतकी असते. दीड मीटर उंचीच्या मुलाच्या पाच वावांत दीड मीटरहून जास्त तूट येते. दगडाच्या तळाला ओला साबण थापावा. जुन्या जहाजांवर शिशाच्या वजनाच्या तळाशी पोकळी असे आणि तिच्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येई. जेट्टीच्या कठड्यावरून, जाणत्या माणसाला सोबत घेऊन, दोर सोडायचा. दगड हलका असेल किंवा पाण्याला ओढ असेल तर दोर तिरका जातो आणि खोली आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून भरती-ओहोटी पालटताना पाणी क्षणभर थांबतं ती वेळ धरावी. साबणाला चिकटलेला चिखल हातात आला की ‘फॅदम’ आणि ‘थांग’ हे दोन्ही शब्द मूल पुन्हा विसरत नाही.

पाणी चढतं, पाणी उतरतं

‘टाइड ओव्हर’ हा वाक्प्रचार बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाडीत जसा समजतो तसा पुस्तकात समजत नाही. वारा नसला तर शिडाची होडी भरतीच्या पाण्याबरोबर आत जाते. पाणी फिरलं की तिथेच नांगर टाकून थांबते. साधारण सव्वासहा तासांनी पुन्हा भरती लागते आणि ती पुढे सरकते. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या १६२७ च्या खलाशी-शब्दांच्या पुस्तकात ‘टाइड ओव्हर’ची फोड हीच आहे: पाण्याबरोबर जायचं, उलट पाण्यात नांगरून राहायचं. म्हणजे तात्पुरता टेकू मिळवून अडचणीचा काळ काढायचा.

१ जून ते ३१ जुलै असे मासेमारीबंदीचे ६१ दिवस ज्या घरात काढले जातात, तिथे उदाहरण शोधावं लागत नाही. ‘धिस मनी विल टाइड अस ओव्हर टिल ऑगस्ट’: एवढ्या पैशांत ऑगस्टपर्यंत निभावेल. वाक्याची बांधणी इथे जपायची. ‘टाइड’ आणि ‘ओव्हर’ यांच्यामध्ये माणूस येतो, इंग्रजी ‘मी’, ‘अस’, ‘देम’. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ‘टाइड ओव्हर द क्रायसिस’ सर्रास दिसतं, पण परदेशी वाचकाला ते खटकतं. मराठीत ‘निभावून नेणं’ ही चांगली जोडी. ‘वेळ मारून नेणं’ लावू नये, त्यात थाप मारल्याचा वास येतो.

‘हाय अँड ड्राय’ ऐकताना मराठी कानाची हमखास फसगत होते. उंच आणि कोरडं म्हणजे सुरक्षित असं वाटतं. ओहोटीच्या वेळी खाडीत जाऊन चिखलात कलंडलेली होडी बघा. पाणी निघून गेलं, ती उंच राहिली, कोरडी राहिली, आणि काही करू शकत नाही. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पाणी सर्वांत चढलं असताना वर येऊन रुतलेली होडी दुसऱ्या दिवशीच्या भरतीलाही सुटत नाही. पुढे भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी, ते तिथवर पोचतच नाही. पुढचं उधाण यायला पंधराएक दिवस लागतात. या वाक्प्रचारातली असहायता ही अशी आहे. ‘द एजंट लेफ्ट अस हाय अँड ड्राय’ म्हणजे एजंटाने आम्हाला वाऱ्यावर सोडलं. इंग्रजीत होडी पाण्याविना अडकते, मराठीत माणूस वाऱ्यावर जातो, पण सोडून जाणारा दोन्हीकडे तोच. शब्दांचा क्रम उलटा करून ‘ड्राय अँड हाय’ कधीच म्हणत नाहीत.

दोराचे घोटाळे

सर्वांत जास्त चुका दोरांच्या वाक्प्रचारांत होतात. कारण सरळ आहे: आता होड्या इंजिनावर चालतात, शिडाचे दोर हाताळणारी माणसं थोडी उरली आहेत. एखादा म्हातारा तांडेल भेटला तर त्याच्याकडून हे समजून घ्यावं.

‘बिटर एंड’मधला ‘बिटर’ मुळात कडू नव्हे. जहाजावर नांगराचा दोर ज्या मजबूत लाकडी खुंटांना अडकवत त्यांना बिट म्हणत, आणि त्या खुंटाकडचं, जहाजावर राहणारं टोक ते ‘बिटर्स एंड’. हीही फोड स्मिथ यांच्या १६२७ च्याच पुस्तकात आहे. नांगर टाकताना दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा हा सर्वसाधारण हिशेब: ४ वाव पाण्यात २० ते २८ वाव. कमी सोडला तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर तळातून उपटतो. वारा वाढला की आणखी सोडायचा. सोडता सोडता खुंटाकडचं टोक हाती आलं की संपलं, आता सोडायला काही उरलं नाही. म्हणून ‘टु द बिटर एंड’. पुढे कडू या शब्दाची छटा त्यावर चढली आणि आता तो नको असलेल्या, त्रासाच्या गोष्टीलाच लावतात: कोर्टातली केस, हरत चाललेला सामना, न पटणारी नोकरी. ‘तडीस नेणं’ ही जोडी त्यामुळे चुकते, कारण तडीस नेण्यात समाधान आहे. ‘काय वाट्टेल ते होवो, शेवटपर्यंत’ हे त्याच्या जवळ जातं.

‘थ्री शीट्स टु द विंड’ म्हणजे दारू पिऊन तर्र झालेला. इथे शीट म्हणजे चादर नव्हे, शीडही नव्हे. शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा जो दोर, त्याला इंग्रज खलाशी शीट म्हणतात. तो सुटला की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं. एक सुटला तर निभावतं. तीन सुटले तर मग जहाज कुणाचं ऐकत नाही. शीट म्हणजे कापड समजलं की हे चित्र कधीच जुळत नाही, आणि मग मुलं त्याला ‘तीन चादरी’ म्हणून हसतात. अर्ज, भाषण, परीक्षेचा निबंध यांत हा वाक्प्रचार घालू नये. तो गप्पांतला आहे.

‘टेकन अबॅक’ समजायला आपल्या गलबताचं तिरकं शीड नजरेसमोरून बाजूला करावं लागतं. इंग्रजांची मोठी जहाजं चौकोनी शिडांची, डोलकाठीवर आडव्या लाकडाला टांगलेली. वारा मागून यायचा. तो अचानक फिरून समोरून आला की शीड उलटं डोलकाठीवर आदळे आणि जहाज जागच्या जागी थबके, कधी मागेही जाई. अनपेक्षित बोलण्याने माणूस तसा थबकतो, अवाक होतो. प्रयोग नेहमी कर्मणी: ‘आय वॉज टेकन अबॅक’. ‘आय टुक अबॅक’ हे इंग्रजीच नव्हे. नुसत्या आनंदाच्या आश्चर्यालाही हा लावू नये; त्यात थोडा धक्का हवा.

‘लर्न द रोप्स’ सोपा आहे. शिडाच्या जहाजावर दोरच दोर, कोणता कशाचा हे कळलं की खलाशी तयार. मराठीत खाचाखोचा. ‘द’ आणि अनेकवचन सोडू नका.

काणा डोळा

२ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. ब्रिटिश आरमाराचे वरिष्ठ ॲडमिरल सर हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याचा निशाणांचा इशारा केला. त्यांच्या हाताखाली लढणाऱ्या होरेशिओ नेल्सन यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावर काल्वीच्या वेढ्यात गेली होती. त्यांनी दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि आपल्याला इशारा दिसत नाही असं म्हणून लढाई चालू ठेवली, अशी हकीकत सांगतात. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ हा वाक्प्रचार तेव्हापासून या प्रसंगाशी जोडला गेला आहे.

आपल्याकडे याला कानाडोळा म्हणतात. तो मुळात काणाडोळा: काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. कानाशी त्याचा संबंध नाही. दोन भाषा हजारो मैलांवरून एकाच अधू डोळ्यापाशी याव्यात याचं कौतुक वाटतं. पण जोडी सगळीकडे लावू नये. ‘ब्लाइंड आय’मध्ये दिसत असून, बघणं कर्तव्य असून, मुद्दाम न बघणं आहे. ‘एलईडी दिव्यांच्या बेकायदा मासेमारीकडे कानाडोळा केला’ इथे तो चपखल बसतो. ‘तब्येतीकडे कानाडोळा केला’ इथे इंग्रजीत साधं ‘निग्लेक्ट’ लिहावं. पुढे नेहमी ‘टु’ येतो, ‘ऑन’ किंवा ‘ॲट’ नाही.

मासळीबाजारातून

‘रेड हेरिंग’ हा वेगळ्या जातीचा लाल मासा नव्हे. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातलाच. भरपूर मीठ लावून धुरावर ठेवला की तांबूस होतो आणि वास असा सुटतो की बोंबील वाळत घातलेल्या अंगणाची आठवण व्हावी. इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट यांनी १८०७ मध्ये एक गोष्ट लिहिली: सशामागे लागलेल्या शिकारी कुत्र्यांना असा मासा ओढत नेऊन भलत्या वाटेला लावल्याची. नेपोलियनबद्दलच्या खोट्या बातमीमागे धावणाऱ्या वृत्तपत्रांना त्यांनी ती लावली होती. मूळ मुद्द्यावरून लक्ष हटवणारी गोष्ट, हा अर्थ तिथून पसरला. मराठीत ‘फाटे फोडणं’ जवळचं. नुसत्या खोट्या बोलण्याला रेड हेरिंग म्हणत नाहीत. ती गोष्ट खरीसुद्धा असू शकते, फक्त त्या जागी गैरलागू असते.

‘हुक, लाइन अँड सिंकर’ म्हणजे गळ, दोरी आणि शिसं. मासा नुसता गळाला लागला नाही, शिशासकट सगळं गिळून बसला. म्हणून ‘गळाला लागणं’ याच्या पुढची ही पायरी: कसलीही शंका न घेता सगळं खरं मानणं. आधी ‘स्वॉलो’ किंवा ‘फॉल फॉर इट’ येतं.

सुरस कथा तपासायची

वाक्प्रचारांच्या जन्मकथा मोबाइलवर फिरतात. त्यांतल्या बऱ्याच खोट्या, आणि जहाजाच्या तर विशेष. तपासायला तीन प्रश्न पुरे होतात.

आद्याक्षरांची कथा आहे का? ‘पॉश’ शब्दाबद्दल सांगतात की इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींत श्रीमंतांना येताना डाव्या आणि जाताना उजव्या बाजूची, सावलीची खोली मिळे, आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ अशी अक्षरं तिकिटावर छापत. सावलीचा हिशेब बरोबर आहे, तरी असं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही. उलट १९व्या शतकाच्या अखेरच्या बोलीच्या कोशांत ‘पॉश’ छानछोकी माणसाला लावलेला सापडतो. आद्याक्षरांपासून शब्द बनवायची सवयच मुख्यतः २०व्या शतकातली, म्हणून जुन्या शब्दाची अशी कथा आली की सावध व्हावं.

दुसरा प्रश्न, वस्तू खरंच तशी वागते का? कडाक्याच्या थंडीचं ‘ब्रास मंकी’ घेऊ: पितळी माकडाचे गोळे गोठून गळतील एवढी थंडी, असं इंग्रजीत म्हणतात. ‘मंकी’ नावाच्या पितळी ताटलीत रचलेले तोफगोळे थंडीत ताटली आकसल्यामुळे घरंगळत, असं सांगतात. हिशेब करून बघा: ३० अंशांचा फरक पडला तरी एक मीटर लांबीत पितळ आणि लोखंड यांच्या आकसण्यातला फरक पाव मिलिमीटरच्या आत राहतो. त्याने गोळे घरंगळत नाहीत. शिवाय जहाजावर गोळे लाकडी फळीच्या भोकांत बसवत.

आणि तिसरा, सर्वांत जुनी लेखी नोंद काय सांगते? याच वाक्प्रचाराच्या जुन्या रूपांत पितळी माकडाचं उन्हाने नाक वितळतं, थंडीने शेपूट गोठते. तोफगोळ्यांचा मागमूस नाही. या नोंदींसाठी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश बघावा. प्रत्येक अर्थाची सापडलेली पहिली तारीख त्यात दिलेली असते. मराठी बाजूला मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अजून उपयोगी पडतो. किनाऱ्यावरचे कितीतरी शब्द त्यात नोंदलेले आहेत.

सुरस वाटणारी प्रत्येक कथा खोटीच असते असंही नाही. ‘डुलॅली’ घ्या. ब्रिटनमध्ये आजही डोकं फिरलेल्याला ‘गॉन डुलॅली’ म्हणतात. तो शब्द म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत बसत. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन् महिने, बिनकामाचे, उन्हात काढावे लागत. त्यातून जे वेड लागे त्याला ‘डुलॅली टॅप’ म्हणत, आणि हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला, देवळाली राहिली. आजारी माणसाबद्दल मात्र हा शब्द वापरू नये, दुखावणारा आहे.

वहीत प्रत्येक वाक्प्रचाराला एक पान द्यावं. वर वस्तूचं चित्र, वेडंवाकडं चालेल. खाली स्वतःचं इंग्रजी वाक्य, मराठी जोडी, आणि ती जोडी जिथे बसत नाही असं एक मराठी वाक्य. तळाला थोडी जागा रिकामी सोडावी. पुढच्या महिनाभरात बातमीत, सामन्याच्या समालोचनात किंवा घरी उतरलेल्या पाहुण्याच्या तोंडी तो वाक्प्रचार आला की ते वाक्य तारखेसह तिथे उतरवायचं. महिन्याअखेर जागा कोरीच राहिली तर ते पान पुढच्या महिन्यात पुन्हा उघडायचं आणि त्या आठवड्यात नवे चारऐवजी तीनच घ्यायचे.